चाकोरी ते पिकअप : चाक मोठं करण्याचा आपला इतिहास



पिकअपला मोठे टायर बसवू का, हा प्रश्न सध्या आपल्याकडे सारखा निघतो. कोणाला मागे फवारणीचा टँकर ओढायचा असतो, कोणाला केळीच्या बागेतून माल काढायचा असतो, तर कोणाला दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात चार दिवस मुक्कामाला जायचं असतं. तापीकाठची वाळू, काळ्या जमिनीचा चिखल आणि सातपुड्याच्या पायथ्याचा दगड या तिन्हीतून गाडी निघाली पाहिजे, असं सगळ्यांनाच वाटतं.

हा प्रश्न पिकअपपेक्षा जुना आहे. चाक केवढं आणि रुंदी किती, हे आपले सुतार-लोहार दीडशे वर्षांपूर्वीही ठरवत होते. तो इतिहास पाहिला तर आजचा निर्णय सोपा होतो.

गाडीच्या आधी बैलाची पाठ

इंग्रजी अमलाच्या सुरुवातीपर्यंत खानदेश-वऱ्हाडातला लांबचा माल बहुतेक बैलांच्या पाठीवरून जायचा. लमाणांचे तांडे हजारो बैल घेऊन कापूस, धान्य आणि मीठ वाहायचे. दिवसभर चालायचं, पाणी पाहून तळ टाकायचा, गोण्या रचून आडोसा करायचा. गाड्या होत्या, पण दख्खनच्या जुन्या गाड्यांना भरीव चाकं असत. ती इतकी जड की ओढायला बैलांच्या तीन-चार जोड्या लागायच्या. घाटात आणि नदीच्या उतारावर अशा गाडीपेक्षा बैलाची पाठ परवडायची.

बदल 1830च्या दशकात आला. सोलापूरकडच्या टेंभुर्णीला लेफ्टनंट गेसफोर्ड नावाच्या अधिकाऱ्याने हलकी, आऱ्यांच्या चाकाची, एका जोडीने ओढता येईल अशी गाडी तयार करवली. पुढे रस्ते झाले तशी या प्रकारची गाडी पसरत गेली. आपल्याकडे मुंबई-आग्रा रस्ता धुळे-शिरपूरवरून जात होताच. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. शेतातून स्टेशनापर्यंत कापूस न्यायला गाडी लागली, आणि बैलगाडी खानदेशी शेतकऱ्याच्या दारात कायमची उभी राहिली.

धाव चढवलेलं चाक

हे चाक नीट आठवून पाहा. मध्ये बाभळीचा तुंबा, त्यात बसवलेले बारा आरे, बाहेरून सहा पुठे आणि त्यावर लोखंडी धाव. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल करायची, फुगली की चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की सगळे सांधे आवळले जायचे. उन्हाळ्यात लाकूड सुकून चाक खिळखिळं झालं की ते पाण्यात भिजत घालायचे.

चाक उंच का ठेवायचे? खड्ड्यात किंवा दगडावर अडकलेलं मोठं चाक कमी जोरात वर निघतं. धाव अरुंद का? कारण लोखंड महाग, चाक हलकं हवं, आणि पावसाळ्यात अरुंद धाव वरचा चिखल कापून खालच्या टणक थराला टेकते. पण खाली टणक थर नसला तर तीच धाव रुतत जाते. आपल्या काळ्या जमिनीत हेच व्हायचं. एकाच जागेवरून गाड्या जाऊन जमिनीत दोन खोल घळी पडायच्या. तीच चाकोरी. एकदा चाक तिच्यात पडलं की बैलांनाही ते बाहेर काढता यायचं नाही. "चाकोरीबाहेर जाणं" हा शब्दप्रयोग असाच शिवाररस्त्यावर जन्माला आला आहे.

अरुंद की रुंद, याचा हिशेब अमेरिकेतल्या मिसुरी कृषी प्रयोग केंद्राने 1897 मध्ये मांडला. दीड इंची आणि सहा इंची धावेच्या गाड्यांवर सारखंच 2000 पौंड वजन ठेवून, किती जोर लागतो ते यंत्राने मोजलं. बहुतेक कच्च्या रस्त्यांवर आणि शेतात रुंद चाक हलकं चाललं. मात्र वर चिखल आणि खाली टणक थर असेल, किंवा चाकाला लगदा चिकटत राहील असा चिखल असेल, तिथे अरुंद चाक सरस ठरलं. म्हणजे रुंद चाक सगळीकडेच चांगलं, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच खोटं ठरलेलं आहे.

हवेचं चाक आलं

हवा भरलेल्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने 1840च्या दशकात घेतलं, पण ते चाललं नाही. 1888 मध्ये जॉन बॉइड डनलॉपने ते पुन्हा शोधलं. डनलॉपचा मूळ धंदा जनावरांच्या डॉक्टरकीचा. पुढे त्याच्या नावाच्या कंपनीने 1936 मध्ये बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला टायरचा कारखाना काढला, आणि आपल्याकडे रबरी चाकाच्या गाडीला कित्येक ठिकाणी "डनलॉप" हेच नाव पडलं.

ट्रॅक्टरला रबरी टायर 1932च्या सुमारास अमेरिकेत लागले. त्याआधी ट्रॅक्टरची चाकं लोखंडाची, खिळ्यांची असायची. तिकडच्या शेतकऱ्यांनाही सुरुवातीला रबर शेतात टिकेल असं वाटलं नव्हतं. कमी हवेचा मोठा टायर जमिनीला जास्त जागेवर टेकतो, घसरतो कमी आणि डिझेल वाचवतो, हे दिसल्यावर लोखंडी चाक मागे पडलं.

आपल्या बैलगाडीलाही टायर आले. साखर कारखान्यांच्या ऊसतोडीत टायरगाडी रूढ झाली. जुन्या मोटारीचा आस, बॉल बेअरिंग, वर लाकडी किंवा लोखंडी साटा. बैलांना गाडी हलकी लागू लागली. मग काय झालं? गाडी हलकी झाली म्हणून बैलांना आराम मिळाला नाही, तेवढं ओझं वाढलं. 1965च्या केंद्रीय नियमांतही हे दिसतं. साध्या चाकाच्या गाडीला जेवढं वजन चालतं, त्याच्या दीडपट हवेच्या टायरला आणि दुप्पट बॉल बेअरिंगच्या गाडीला परवानगी आहे. प्रत्यक्षात ऊसाची गाडी कशी भरतात ते आपण सगळे पाहतो. उतारावर लोखंडी धाव निदान घासून थांबायची. टायर थांबत नाही, सगळा रेटा बैलांच्या मानेवर येतो.

बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी 1970च्या दशकापासून बैलगाडी सुधारण्यासाठी आयुष्य घातलं. देशात तेव्हा दीड कोटीच्या आसपास गाड्या होत्या. त्यांचं सांगणं फक्त टायर बदला एवढंच नव्हतं. चाक, आस, जू आणि वजन यांचा एकत्र विचार करा, असं ते म्हणत.

जीप ते पिकअप

1947 नंतर महिंद्रा कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या युद्धातल्या जीपचं टायर बघा: 6.00-16, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद. आजच्या हौशी गाड्यांपुढे ते सायकलचं वाटेल. पण गाडी हलकी, चारही चाकांना ताकद, आणि टायर चिखल कापून खाली जाणारं. पुढे हीच जात वाढत काळी-पिवळीपर्यंत आणि पिकअपपर्यंत आली. आज आपल्या केळीपट्ट्यात बैलगाडीचं बरंचसं काम पिकअप करते.

आता बाजारात जाण्याआधी थोडी आकडेमोड करू. समजा गाडीवर 215/75 आर 15 टायर आहे. त्याची उंची साधारण 703 मिलिमीटर. 235/75 आर 15 घातला तर 733, आणि 31 इंची घातला तर 787.

• जमिनीपासूनची उंची फरकाच्या निम्मीच वाढते. 235 मुळे 15 मिलिमीटर, 31 इंचीमुळे 42 मिलिमीटर. पाटा-स्प्रिंग उंच केल्याने बॉडी वर जाते, आसाचा गोळा तिथेच राहतो. त्याला वर उचलायचं काम फक्त टायर करतो.

• ओढ कमी होते. गिअर तेच, चाक मोठं, म्हणून 235 ला सुमारे 4 टक्के आणि 31 इंचीला 10 टक्क्यांहून थोडी जास्त ओढ घटते. रिकाम्या गाडीत कळत नाही. मागे भरलेला टँकर आणि समोर चढ असला की क्लचचा वास येतो. ब्रेकलाही तेवढंच जड जातं.

• मीटर खोटं बोलतं. 31 इंचीवर मीटर 60 दाखवत असेल तर गाडी 67 ने चाललेली असते.

• मोठा म्हणजे मजबूत नव्हे. टायरच्या बगलेवर भार निर्देशांक असतो. 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो, 104 म्हणजे 900 किलो. दिसायला रुंद पण निर्देशांक कमी, असा कारचा टायर पिकअपला घातला तर भरल्या गाडीत तो तापून फुटू शकतो. आधीच्यापेक्षा निर्देशांक कमी नको, हा पहिला नियम.

• कायदा. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या मॉडेलसाठी कंपनीने मंजूर केलेल्या मापातच राहा. नाहीतर अपघातानंतर विम्याच्या वेळी प्रश्न निघतो.

शेताच्या बाजूने बघा

कृषीवाल्यांसाठी महत्त्वाचं इथे आहे. टायर वरच्या मातीला किती दाबतं, हे मुख्यतः टायरमधल्या हवेवर ठरतं. पण दाब किती खोल जातो, हे आसावरच्या एकूण वजनावर ठरतं. त्यामुळे मोठा टायर, कमी हवा आणि तेवढंच वजन असेल तर वरचा थर वाचतो. मोठा टायर आला म्हणून चार क्विंटल जास्त भरले, तर खालचा थर घट्ट होतोच आणि तो नांगरालाही सापडत नाही. केळीची मुळं वरच्या थरातच जास्त असतात, पण पाणी निचरायला खालचा थर मोकळा लागतो. रुंद टायर ठिबकच्या लॅटरलवर चढतो, हे वेगळंच.

काळ्या जमिनीत वाफसा नसताना कोणताही टायर कामाचा नाही. दातांमध्ये लगदा भरला की चिखलाचा महागडा टायरही गुळगुळीत होतो. मिसुरीवाल्यांनी सांगितलेला चिकट चिखल तो हाच.

वाळूचं मात्र उलट. तापीच्या वाळूत मुक्कामाला उतरायचं तर टायर मोठा करण्याआधी हवा कमी करून बघा. तेच टायर लांब टेकतं आणि गाडी निघते. डांबरीवर येताच हवा परत भरा, म्हणून छोटा पंप जवळ हवा. कमी हवेत भरली गाडी पळवणं म्हणजे टायर जाळणं.

ओढण्याबाबत तर जुने गाडीवान आपले गुरू. गाडी भरताना ते उलाळ होणार नाही आणि जू मानेवर फार जडही होणार नाही, असा तोल साधायचे. ट्रॉलीलाही हेच लागू. तिच्या एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा. भार मागे गेला तर वेगात ट्रॉली पिकअपची शेपटी हलवते. फार पुढे आला तर पिकअपचं तोंड उचललं जातं आणि स्टिअरिंग हलकं होतं. हे टायरच्या मापाने सुधारत नाही.

मग काय घ्यावं?

माझं मत सरळ आहे. रोज ओझं ओढणाऱ्या पिकअपला कंपनीचंच माप, पण जास्त भार निर्देशांकाचं आणि खडबडीत नक्षीचं टायर. मंजूर असेल तर एक पायरी मोठं, त्यापुढे नाही. उरलेल्या पैशात पंप, हवेचं मीटर आणि ट्रॉलीला चांगले ब्रेक. 31 इंची टायर ज्याची गाडी ओझं न ओढता फक्त फिरते, त्याच्यासाठी, आणि तेही कायद्याने बसत असेल तरच.

आपल्याकडे दर वेळी चाक सुधारलं की ओझं वाढत गेलं. आधी ते बैलाच्या मानेवर आलं, आता आसावर, ब्रेकवर आणि जमिनीवर येतं. टायर बदलताना भराई तेवढीच ठेवली, तरच त्या पैशांचा उपयोग.

तुमच्या पिकअपवर कोणतं माप आहे, मागे किती ओढता आणि काळ्या जमिनीत कसं चालतं, ते खाली लिहा. घरात धावेचं जुनं चाक शिल्लक असेल तर त्याची उंची आणि धावेची रुंदी मोजून तीही कळवा. गावागावाची मापं एकत्र मांडून ठेवू.