कोंबडी पळाली

मराठी चित्रपटगीत. चित्रपट ‘जत्रा’ (२००६), दिग्दर्शक केदार शिंदे. गीत जितेंद्र जोशी, संगीत अजय-अतुल, स्वर आनंद शिंदे व वैशाली सामंत. पडद्यावर भरत जाधव आणि क्रांती रेडकर.

‘श्वास’ला २००४ मध्ये सुवर्णकमळ मिळाले आणि मराठी चित्रपटाने उभारी धरली. त्याच वर्षी केदार शिंदे यांच्या ‘अगं बाई अरेच्चा!’मधून अजय-अतुल घरोघरी पोहोचले. ‘जत्रा’ ही ह्यालागाड आणि त्यालागाड या दोन गावांच्या भांडणाची धमाल गोष्ट; तिला शोभेल असे अवखळ गाणे जोशी यांनी लिहिले. ते मुळात अभिनेते, त्यामुळे शब्द तोंडात कसा खेळतो याची त्यांना नेमकी जाण आहे. पळणारी कोंबडी आणि लंगडीचा डाव, एवढ्या भांडवलावर मुखडा उभा आहे. अर्थ शोधत बसावे असे त्यात फारसे नाही. ठेका आणि यमक यांची सांगड मात्र पक्की आहे.

या गाण्याची खरी करामत गायकांच्या निवडीत आहे. आनंद शिंदे हे प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव. भीमगीते, लोकगीते आणि ‘नवीन पोपट हा’सारख्या कॅसेटी यांतून त्यांचा रांगडा आवाज वस्त्यावस्त्यांत गाजलेला. वैशाली सामंत ‘ऐका दाजिबा’मुळे मराठी पॉपचा चेहरा बनलेल्या. तो खेचतो, ती टोलवते. तमाशातल्या सवाल-जवाबाची ही रग दोघांच्या आवाजांतल्या फरकामुळेच टिकते.

नवी मुंबईच्या आगरी-कोळी गावांत हळदीच्या रात्री बेंजो पार्टी हे गाणे वाजवते तेव्हा शब्द नसतात, गायक नसतो. नुसत्या चालीवर मांडव उठतो. चाल किती भक्कम आहे, हे तिथे कळते.

२०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये अजय-अतुल यांनीच ही चाल ‘चिकनी चमेली’साठी वापरली. शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे, आवाज श्रेया घोषाल यांचा, नृत्य कतरिना कैफ यांचे. गाणे देशभर गाजले, पण पुरुषस्वर गेला आणि त्याबरोबर सवाल-जवाबही गेला. श्रेया घोषाल यांनी ते जोरकस गायले आहे, यात शंका नाही. तरीही मूळ गाणेच सरस आहे, आणि त्याचे निम्मे श्रेय आनंद शिंदे यांचे आहे.