भिंगावरचे नाव

गेल्या श्रावणात एका दुपारी कुरिअरवाल्याने एक लहानसे खोके आणून दिले. आत कापसात गुंडाळलेले कॅमेऱ्याचे एक भिंग होते. आकाराने काडेपेटीएवढे, अंगाने चकचकीत, नळी आत ढकलली की कासवासारखे अंग चोरून बसणारे. पुढच्या कड्यावर बारीक, देखण्या अक्षरांत कोरले होते : अर्न्स्ट लाइट्स, वेट्झलार, एल्मार. इंटरनेटवरच्या एका विक्रेत्याकडून मी ते मागवले होते. एवढ्याशा डबीला एवढे पैसे मोजलेले पाहून घरात जी शांतता पसरली, तिचे वर्णन न केलेले बरे.

आठच दिवसांत कळले, की हे भिंग वेट्झलारचे नव्हेच. ते जन्माने रशियन होते. नाव तेवढे जर्मन होते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! राग आला, लाजही वाटली. पण मग मनात आले, की हे भिंग वेट्झलारचे नसेल, तर मग ते आहे कोणाचे? ज्याने काच घासली, पितळ कातले, त्याचे नाव कोठे गेले? त्या प्रश्नाच्या मागे लागून जी हकिकत हाती आली, ती वाचकांना सांगावीशी वाटते.

जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्स घराण्याचा सूक्ष्मदर्शक यंत्रे करण्याचा कारखाना होता. तेथे ऑस्कर बार्नाक नावाचा एक कसबी यंत्रज्ञ होता. त्याला छायाचित्रणाचा नाद आणि दम्याचा विकार. त्या काळचा कॅमेरा म्हणजे काचेच्या पट्ट्या, तिपाई आणि पेटी असा सारा संसार पाठीवर घेऊन डोंगर चढायचा. दम्याच्या माणसाला ते कसे झेपावे? बार्नाकने चलच्चित्रांची अरुंद फिल्म घेतली, तिच्यावर २४ गुणिले ३६ मिलिमीटरचे चित्र घ्यायचे ठरवले, आणि १९१४ च्या सुमारास खिशात मावेल असा एक कॅमेरा घडवला. पुढे महायुद्ध आले, चलनाची धूळधाण झाली. अशा दिवसांत, १९२४ साली, धाकट्या अर्न्स्ट लाइट्सने हा कॅमेरा बाजारात आणण्याचा धाडसी निर्णय घेतला आणि १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत 'लायका' जगापुढे आली. तिचे भिंग माक्स बेरेक या शास्त्रज्ञाने आखले होते. 'एल्मार' हे याच भिंगकुळातले गाजलेले नाव. निगेटिव्ह छोटी, चित्र मोठे, हा या कॅमेऱ्याचा मंत्र.

१९३० साली लायकाचे भिंग काढता-घालता येऊ लागले. ३९ मिलिमीटर व्यासाचे आटे फिरवावेत, एक काढावे, दुसरे बसवावे. १९३२ साली तिच्या अंगातच अंतरमापक आला. ज्याला आपण इंग्रजी नावाने रेंजफाइंडर म्हणतो, तो हाच. त्याचे तत्त्व घरबसल्या पाहता येईल. हात लांब करून अंगठा उभा धरा आणि एकदा उजवा, एकदा डावा डोळा मिटा. अंगठा जागचा हलल्यासारखा दिसेल. अंगठा जितका जवळ, तितके हलणे जास्त. कॅमेऱ्याला असेच दोन डोळे दिलेले असतात. दोन्हींतली चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसली, की अंतर जुळले असे समजावे. भिंग फिरते तशी त्याची मागची कड एका दांडीला रेटते आणि ती दांडी चित्रे जुळवते. ही दांडी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे साक्षीदार म्हणून तिला बोलवायचे आहे.

त्याच १९३२ साली झाइस घराण्याने 'कॉन्टॅक्स' काढून लायकाशी सामना मांडला. लुडविग बेर्टेले या तरुण गणितीने त्यासाठी 'झोनार' नावाचे भिंग आखले. मंद उजेडातही चित्र टिपणारे ते भिंग त्या काळी नवलाचे होते. मराठी माणसाला ते नाव वाचताच 'सोनार' आठवतो. प्रत्यक्षात त्याचे नाते सूर्यवाचक जर्मन शब्दाशी सांगतात. पण या गोष्टीत पुढे खरा सोनारही लागणारच आहे, कस लावायला.

आता दृश्य बदलते. युक्रेनमधले खार्किव्ह शहर. क्रांती, यादवी आणि दुष्काळ यांनी लाखो मुले रस्त्यावर टाकली होती. रेल्वेच्या डब्यांखाली निजणारी, चोऱ्या करून जगणारी ही पोरे. अंतोन माकारेन्को नावाच्या शिक्षकाने अशा मुलांना हाताशी धरले. १९२७ साली खार्किव्हजवळ उघडलेल्या श्रमवसाहतीचा तो प्रमुख झाला. अर्धा वेळ शाळा, अर्धा वेळ कारखाना, असा तिथला क्रम. मुलांनी आधी विजेवर चालणारे गिरमिट बनवले. मग त्यांच्यापुढे एक लायका ठेवण्यात आली आणि १९३४ पासून त्या वसाहतीतून 'फेड' नावाचे कॅमेरे रीतसर बाहेर पडू लागले. ते नाव फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की याच्या आद्याक्षरांचे. हा सोव्हिएत गुप्त पोलिसांचा पहिला प्रमुख. वसाहतीला त्याचेच नाव होते. ज्याच्या नावाने मोठी माणसे थरथरत, त्याच्याच नावाचा कॅमेरा अनाथ मुलांनी घडवावा, हा इतिहासाचा एक चमत्कारिक विनोद.

मी शाळामास्तर आहे. कारखान्यातल्या मोजमापाशी माझा संबंध सहामाहीच्या गुणपत्रकापुरता. पण कालपर्यंत खिसे कापणाऱ्या मुलाच्या हाती आज मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे काम द्यायचे आणि तो ते करील असा विश्वास ठेवायचा, याचे मोल शिक्षकाला कळते. युद्धापूर्वी असे लाखाहून अधिक कॅमेरे तयार झाले. लायकाची ती नक्कल होती, हे खरेच. तिच्यासाठी लाइट्सची परवानगी कोणी घेतली नव्हती. पण तिच्यावर 'फेड' असेच नाव होते. मुलांनी नक्कल केली, नाव मात्र चोरले नाही.

१९४१ साली जर्मन फौजा खार्किव्हात शिरल्या आणि ते पर्व संपले. युद्ध उलटले तेव्हा पारडे फिरले. जर्मनीतले येना शहर आधी अमेरिकनांच्या हाती लागले. त्यांनी झाइसचे निवडक शास्त्रज्ञ पश्चिमेकडे नेले. मागून आलेल्या रशियनांनी यंत्रे, आराखडे, काच, असे उरलेले बरेचसे युद्धभरपाई म्हणून पूर्वेकडे हलवले. कॉन्टॅक्सची सामग्री कीव्हला गेली आणि तेथून तोच कॅमेरा 'कीव्ह' नावाने निघू लागला. मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्क येथे झोनारचे 'ज्युपिटर' झाले. त्याच कारखान्याने १९४८ साली 'झोर्की' हा फेडचा, म्हणजे मुळात लायकाचाच, अवतार काढला आणि त्याच्यासाठी 'इंडुस्टार-२२' नावाचे, एल्मारसारखे दिसणारे भिंग दिले. आरंभीच्या रशियन झोनारांत तर येनाहून आणलेलीच काच होती. काच जर्मन, हात रशियन, आराखडा बेर्टेलेचा. आता यातले अस्सल कोणते म्हणावे? इतिहासात रक्त इतके मिसळलेले असते, की शुद्ध कुळाचा अभिमान फारसा टिकत नाही.

असो. इथवरच्या व्यवहारात जबरदस्ती होती, नक्कल होती, पण फसवणूक नव्हती. ती आली पुढे, १९८० आणि ९० च्या दशकांत, सोव्हिएत राज्य मोडकळीस येऊन कोसळले त्या सुमारास. मॉस्को, बर्लिनच्या जुन्या बाजारांत पाश्चात्त्य हौशी लोक फिरू लागले. त्यांना लायका हवी होती. बाजारात झोर्की आणि फेड ढिगाने पडून होते. मग कोणा कारागिराने झोर्कीचे नाव घासून काढले आणि तेथे 'लायका' कोरले. ते खपले, तसे दुसऱ्याने गरुड कोरला, तिसऱ्याने स्वस्तिक, चौथ्याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची वर्तुळे. सोनेरी मुलामा चढवला, सापाच्या कातडीसारखे अस्तर लावले. इंडुस्टारचे एल्मार झाले, ज्युपिटरचे झोनार झाले. पुढे इंटरनेटचा बाजार उघडला आणि ही सारी मंडळी घरोघर पोहोचली. त्यातलेच एक माझ्या दारी आले.

हौशी वाचकांसाठी कस कसा लावावा ते सांगतो. जाहिरातीत जितका थाट जास्त, तितका संशय जास्त धरावा. जर्मन हवाईदलाच्या खऱ्या लायकांवर मालकीची नोंद साध्या अक्षरांत असे. पंख पसरलेले गरुड बहुधा नंतरचे. सोनेरी लायका खरोखर निघाल्या होत्या, पण १९३० च्या आसपास आणि अगदी थोड्या. त्या कोणी चिल्लर भावात विकायला काढीत नाही.

कॅमेरा घ्यायचा असेल, तर भिंग काढून आतले छायाचित्र मागवावे. आता आपला साक्षीदार बोलवा. अंतरमापकाच्या त्या दांडीच्या टोकाला खऱ्या लायकेत एक नाजूक फिरते चाक असते. फेड आणि झोर्कीत तेथे चाक नसून नुसती भरीव जीभ असते. नाव बदलणारे कारागीर बहुधा या जिभेच्या वाटेला जात नाहीत. माणसाचे बोलणे बदलते, जीभ बदलत नाही, तसेच हे. क्रमांकही ताडून पाहावा. लायकांचे क्रमांक आणि साल यांच्या याद्या उपलब्ध आहेत. मात्र केवळ क्रमांकावर कोणाला चोर ठरवू नये. लाइट्सचा कारखाना जुन्या गिऱ्हाइकाचा कॅमेरा घेऊन त्याला नवी सुधारणा करून देत असे, तेव्हा जुना क्रमांक आणि नवे रूप एकत्र सापडू शकते.

भिंगाची परीक्षा याहून सुंदर आहे. एल्मार आणि इंडुस्टार या दोन्हींत काचा चार. पहिली सुटी, दुसरी सुटी, शेवटच्या दोन चिकटवलेल्या. पण उजेड कमी-जास्त करणारा पात्यांचा पडदा एल्मारमध्ये पहिल्या काचेच्या लगेच मागे असतो, तर इंडुस्टारमध्ये दुसऱ्या काचेच्या मागे. म्हणून पडदा अर्धा मिटून समोरून पाहिले, की पाती अगदी उंबऱ्यावर आहेत की माजघरात, हे दिसते. विक्रेत्याकडून असेच छायाचित्र मागावे. शिवाय जांभळट झाक पाहावी. काचेवर चमक मारणारा लेप लाइट्सकडे सर्रास आला तो युद्धानंतर. १९३६ सालचे म्हणून दाखवलेले भिंग जांभळे दिसले, तर विचारपूस करावी. लेप मागाहूनही चढवून घेत असत. तेव्हा हा पुरावा नव्हे, इशारा आहे.

आटेवाल्या झोनारबद्दल विशेष जपावे. युद्धकाळात झाइसने लायकाच्या आट्यांची झोनार भिंगे केली, ती थोडी; बाजारात दिसतात ती पुष्कळ. या तफावतीचे उत्तर ज्युपिटरच्या पोटात सापडते. शेवटी नाव खरे असो वा खोटे, आपल्याकडच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरली आहे का, हे विजेरी लावून पाहावे आणि माल परत घेण्याची कबुली लेखी घ्यावी. मोठा खर्च असेल तर जाणकाराकडे न्यावे. सोनारानेच कान टोचावेत हे उत्तम.

लोक एवढा खटाटोप का करतात, याचे उत्तर एका आकड्यात आहे. १९२३ साली चाचणीसाठी ज्या मोजक्या लायका केल्या होत्या, त्यांतली बार्नाकच्या स्वतःच्या वापरातली एक २०२२ साली लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेली. जेथे नावाला एवढे मोल, तेथे नाव कोरणारे निघणारच.

पण खरे यंत्र हाती असले म्हणजे सत्यच हाती येते असेही नाही. २ मे १९४५ रोजी बर्लिनच्या राइशस्टागवर लाल निशाण लावणाऱ्या सैनिकाचे जगप्रसिद्ध छायाचित्र येव्हगेनी खाल्देई याने घेतले, ते अस्सल लायकावर. त्यातल्या एका सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे दिसत होती. लुटीचा बभ्रा नको म्हणून छापण्यापूर्वी एक घड्याळ खरवडून टाकण्यात आले. भिंग खरे आणि चित्रात खोट! उलट माझे भिंग नावाने खोटे. पण त्यातून काढलेले आमच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनाचे चित्र स्वच्छ, प्रामाणिक आले आहे.

वर्गात एखादा मुलगा दुसऱ्याच्या वहीवरचे नाव खोडून स्वतःचे घालतो, तेव्हा चोर कोण ते लगेच समजते. येथे चोरी उलटी आहे. वही ज्याने कष्टाने लिहिली त्याचेच नाव खोडून वर एका बड्या घरच्या मुलाचे नाव घातले आहे. गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात, ते बुडोत. पण क्रास्नोगोर्स्कच्या कोणा कामगाराने युद्धातून उठून, अर्धपोटी का होईना, जी काच नीट घासली, तिचे श्रेय बुडते, त्याची भरपाई कोणी करायची? पूर्वी खार्किव्हच्या त्या मुलांनी घडवलेल्या किती फेडांचेही असेच बारसे परस्पर उरकले गेले असेल.

मी ते भिंग परत पाठवले नाही. विक्रेत्याला सत्य कळवले. उत्तर आले नाही. खोक्यात मात्र एक चिठ्ठी घालून ठेवली आहे : "इंडुस्टार-२२. क्रास्नोगोर्स्क येथे घडले. पुढचे नाव खोटे, काम खरे." पुढेमागे हे भिंग दुसऱ्या कोणाच्या हाती गेले, तर त्याची फसगत होऊ नये आणि घडवणाऱ्याचीही होऊ नये.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री मुलांना एक गंमत दाखवणार आहे. पडदा पुरता मिटून भिंगासमोर पणती धरायची आणि किंचित तिरपे पाहायचे. पडद्याच्या पुढे जितक्या काचा, त्यांच्या दर पृष्ठावर एकेक ज्योत उजळते. एल्मारमध्ये दोन ज्योती दिसाव्यात. या माझ्या भिंगात चार दिसतात. नाव काहीही कोरा, दिव्यापुढे धरले की काच आपले कूळ सांगते.