लखपतपासून केटी बंदरापर्यंत

कच्छच्या वायव्य टोकाला, कोरी खाडीच्या शिरोभागी लखपत नावाचे गाव आहे. त्याच्या भोवती सुमारे सात किलोमीटर लांबीचा तट असून तो जमादार फतेह महंमद याने १८०१ साली बांधविला. तटाच्या आत आज मोजकीच घरे उरली आहेत. एके काळी या बंदराची मिळकत लाखांनी मोजली जाई, म्हणून त्याचे नाव लखपत पडले, असे लोक सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा खोटी, वैभव मात्र खरे होते. ते कसे गेले, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : १८१९ च्या भूकंपाने. हे उत्तर अर्धेच आहे, आणि उरलेला अर्धा भाग अधिक बोधप्रद आहे.

सिंधु नदीची एक पूर्वेकडील शाखा त्या काळी कच्छच्या रणाला वळसा घालून कोरी खाडीत उतरत असे. तिच्या गोड्या पाण्यावर लखपतच्या परिसरात, सायरा नावाच्या भागात, भाताची शेती पिके. आज त्या ओसाड प्रदेशात उभे राहून येथे भात पिकत होता हे कोणी सांगितले, तर विश्वास बसणे कठीण. १७६२ साली सिंधचा कल्होरा राजा गुलामशाह याने कच्छवर स्वारी केली. झाऱ्याच्या रणावर घनघोर लढाई होऊन त्यास जय मिळाला; पण कच्छ काही त्याच्या हाती लागले नाही. तेव्हा त्याने तलवारीपेक्षा सोपे शस्त्र उचलले. मोरा येथे नदीच्या पात्रात बांध घालून त्याने कच्छकडे येणारे पाणीच तोडले. पुढे तालपुर अमिरांच्या राजवटीत अली बंदर येथे आणखी बांध पडला. सायऱ्याची भातशेती गेली आणि जमिनीवर मीठ फुलू लागले.

म्हणजे १६ जून १८१९ रोजी जेव्हा धरणीकंप झाला, सिंद्रीचा किल्ला पाण्यात बुडाला आणि त्याच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटर लांबीचा मातीचा उंचवटा वर आला, तेव्हा नदी आधीच आटलेली होती. त्या उंचवट्यास लोकांनी ‘अल्ला बंध’ हे नाव दिले, कारण आधीचे बंध माणसांचे होते आणि हा ईश्वराचा. नाव देणारांस हा भेद नीट ठाऊक होता. तो विसरले ते नंतरचे लोक. अलेक्झांडर बर्न्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२७-२८ मध्ये हा प्रदेश पाहून त्याचा वृत्तांत लिहिला, आणि भूशास्त्रज्ञ लायल यांच्या ग्रंथात सिंद्रीच्या किल्ल्याचे चित्र छापले गेले. त्यामुळे जगाच्या स्मरणात भूकंप राहिला, बांध राहिला नाही.

खाडीला गोड्या पाण्याची गरज ती काय, असा प्रश्न येथे कोणाच्याही मनात यावा. खारफुटी तर नावाप्रमाणे खाऱ्या पाण्यातच वाढते. तिवराचे झाड पानांतून मीठ बाहेर टाकते. उन्हात त्याच्या पानांवर मिठाचे कण दिसतात. पण मीठ सहन करणे निराळे आणि मिठावर पोसले जाणे निराळे. ज्या खाडीत नदी येते तेथील तिवर उंच वाढते, तिच्या शेजारी कांदळ व इतर जाती नांदतात, आणि रोप रुजते वेळी त्यास पातळ झालेले पाणी मिळते. नदी थांबली म्हणजे उन्हाने खाडीचे पाणी समुद्राहूनही खारट होते. मग नाजूक जाती एकेक करून नाहीशा होतात आणि चिवट तिवर तेवढी खुरटून उभी राहते. पाण्याबरोबर येणारा गाळही थांबतो. तो गाळ म्हणजे या झाडांची जमीन. लाटा रोज थोडी माती नेतात, नदी रोज थोडी आणते. आणणारी नाहीशी झाली की नेणारीच उरते. कोळंबीची आणि माशांची पिले ज्या मिश्र पाण्यात वाढतात, ते पाणीही त्याच हिशेबात बसते.

गोव्यातील वाचकांना हे मांडवीच्या काठी सहज पाहता येते. पावसाळ्यात नदी इतकी भरते की गोडे पाणी जवळजवळ मुखापर्यंत पोहोचते. उन्हाळ्यात भरतीबरोबर खारे पाणी आत अनेक कोस शिरते. खाजन जमिनीत पावसाने मीठ धुऊन निघाले की कोरगुट भात पेरतात, आणि मानशीच्या दारांनी भरतीचे पाणी अडवतात. हा सगळा संसार पावसावर चालतो, कारण गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सिंध आणि कच्छच्या किनाऱ्यावर तो दोनशे ते चारशे मिलिमीटर. तेथे खाडीचा पाऊस म्हणजे नदीच. शाळेत मुलांसमोर मी नकाशा पसरतो तेव्हा सिंधुमुखाच्या भागाला ‘नदीने वाळवंटात बांधलेली खाडी’ असे म्हणतो. पाठ्यपुस्तकात हे शब्द नाहीत, परंतु मुले ते विसरत नाहीत.

लखपतची कथा एका शाखेची. मुख्य प्रवाहाची कथा याहून मोठी आहे. सिंधूच्या त्रिभुज प्रदेशात बंदरे नेहमीच नदीच्या मागे धावत आली. चौदाव्या शतकात इब्न बतूता लाहरी बंदरात उतरला होता. ते बंदर गेले. अठराव्या शतकात शाह बंदर वसले. तेथे इंग्रजांच्या कंपनीची वखार होती. नदीने पात्र बदलले आणि तेही मागे पडले. मग केटी बंदर भरभराटीस आले. परंतु या साऱ्या बदलांत नदी समुद्राला मिळत होती. ती इथे नाही तर दहा कोस पलीकडे मिळे, आणि माणसे, मासे, झाडे तिच्यामागे जात. सतरा मोठ्या खाड्यांतून तिचे पाणी पसरे. केटी बंदराचा लाल तांदूळ नावाजलेला होता. पल्ला मासा, ज्याला बंगालमध्ये इलिश म्हणतात, समुद्रातून नदीत शिरून अंडी घालण्यासाठी दूर उत्तरेकडे सक्करच्याही पुढे जात असे.

या कथेत आपला, म्हणजे मराठी माणसाचा, संबंध अनेकांस माहीत नसतो. इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला, १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला, आणि १९३६ पर्यंत तो इलाख्यातच होता. भोरजवळचे भाटघर धरण आणि सिंधूवरील सक्करचा बंधारा, या दोहोंना मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे नाव दिले गेले. सक्करचे काम १९२३ मध्ये सुरू झाले आणि १९३२ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांनी त्याचे उद्घाटन केले. सहासष्ट दरवाजे, सात कालवे, सुमारे पंचाहत्तर लाख एकर जमीन. त्या काळच्या अभियंत्यांच्या दृष्टीने समुद्राला मिळणारे पाणी व्यर्थ जाणारे होते. त्यांना दोष देणे मला सोपे वाटत नाही. ज्या मुलखात पाऊस नाही तेथे या कालव्यांनी कापूस आणि गहू पिकविला, लाखो कुटुंबे पोसली. चुकले ते एवढेच की खर्चाच्या वहीत मुखाकडील पान कोणी उघडले नाही.

१९५५ मध्ये कोत्रीचा बंधारा पुरा झाला, १९६२ मध्ये गुद्दूचा, १९६७ मध्ये मंगला धरण आणि १९७६ मध्ये तरबेला. कोत्री हा समुद्राआधीचा शेवटचा बंधारा. त्याच्या खाली हिवाळ्यातील कित्येक महिने नदी जवळजवळ कोरडी राहू लागली. पल्ला आता तेथेच अडतो. गाळाचा पूर्वीचा चौथा हिस्साही समुद्रापर्यंत पोहोचत नाही. पाणी मुख्यत्वे एकट्या खोबर खाडीने वाहते. बाकीच्या खाड्या समुद्राचे हात झाल्या. पूर्वी येथे खारफुटीच्या आठ जाती नोंदल्या गेल्या होत्या, त्यांतील चारच पुढे शिल्लक राहिल्या, आणि त्यांतही तिवर बहुतेक सारे रान व्यापून आहे. विहिरी खारट झाल्या, लाल तांदूळ गेला, केटी बंदर आणि खारो छान या तालुक्यांतून माणसे कराचीकडे निघाली. मे १९९९ मध्ये बदीन आणि ठट्ट्याच्या किनाऱ्यावर मोठे वादळ आले, तेव्हा झाडांची भिंत अनेक ठिकाणी विरळ झालेली होती.

भारत आणि पाकिस्तान यांच्यात १९६० साली झालेल्या सिंधु जलकरारात सहा नद्यांची वाटणी बारकाईने लिहिली आहे. मुखावरच्या खारफुटीसाठी त्यात वाटा नाही. पाकिस्तानच्या प्रांतांनी १९९१ मध्ये आपसांत करार केला तेव्हा प्रथमच समुद्राकडे सोडायच्या पाण्याचा उल्लेख झाला. सिंध प्रांताने दहा दशलक्ष एकर-फुटांचा आग्रह धरला. आपल्या परिचित मापात सांगायचे तर सुमारे ४३५ टीएमसी. त्यावर अभ्यास व्हावा असे ठरले. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सुचविले की कोत्रीखाली बारमाही किमान ५००० क्युसेक पाणी सुटावे आणि शिवाय पाच वर्षांत मिळून २५ दशलक्ष एकर-फूट पुराचे पाणी जावे. पुराच्या वर्षी हे घडते. इतर वर्षी नदी जे देईल ते, आणि बंधारे जे ठेवतील ते.

हे ऐकताना बेळगाव आणि गोव्यातील श्रोत्यांच्या मनात म्हादईचे नाव आल्याशिवाय राहणार नाही. खानापूर तालुक्यातील डोंगरांत उगवलेली ही नदी मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला मिळते. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ टीएमसी पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातील ३.९० टीएमसी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवावयाचे आहे. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. खोऱ्यात विश्वासार्ह पाणी सुमारे १८८ टीएमसी धरले असल्याने, जे दोन्ही बाजूंच्या सभांत म्हादईची सिंधूशी तुलना करतात ते आकड्यांशी न्याय करीत नाहीत. हुबळी-धारवाडच्या घागरीही खऱ्या आहेत. परंतु खाडीच्या दृष्टीने पाणी किती, याहून ते कोणत्या महिन्यात, हा प्रश्न मोठा. जुलैमधील एक टीएमसी आणि मार्चमधील एक टीएमसी हे कागदावर सारखे असतात, चोडणच्या तिवरांना ते सारखे नसतात.

सिंधच्या वनखात्याने गेल्या काही दशकांत मोठ्या चिकाटीने रोपे लाविली. जुलै २००९ मध्ये केटी बंदराजवळ एका दिवसात ५ लाख ४१ हजारांहून अधिक आणि जून २०१३ मध्ये खारो छान येथे ८ लाख ४७ हजारांहून अधिक रोपे चिखलात उभी राहिली. दोन्ही वेळा गिनीज ग्रंथात विक्रम नोंदला गेला. उपग्रहाच्या चित्रांत तेथील हिरवा रंग खरोखरच वाढला आहे, आणि ही सामान्य गोष्ट नव्हे. कोरी खाडीच्या भारतीय बाजूसही तिवराचे मोठे रान आहे. खाराई उंट पोहत जाऊन त्यात चरतात. लखपतच्या तटावरून ते रान दिसते तेथे अडीचशे वर्षांपूर्वी नदीचे पाणी येत होते. आज त्यात एकटी तिवर आहे, खुजी, दाट, मिठाने पांढरट. सायऱ्याचे भात तेथे पुन्हा झाले नाही, आणि केटी बंदराचे शेतकरी मासेमारीला लागून आता पिण्याचे पाणी टँकरने आणतात.