उघड्या पाठीचा हेडफोन



आज ज्या यंत्राविषयीं बोलावयाचें आहे, तें आपणांपैकीं बहुतेकांच्या घरांत कोणत्या ना कोणत्या रूपानें आहेच. मुलें तें कानांत खुपसून हिंडतात आणि आपण हांक मारली तर ओ देत नाहींत, एवढीच त्याची व आपली ओळख. परंतु हेडफोनांचा एक निराळा वर्ग आहे. त्याची किंमत हजारांवरून लाखांत जाते, तो चालविण्यास स्वतंत्र ॲम्प्लिफायर लागतो, आणि या दोहोंची जोडी जमविण्यासाठीं हौशी मंडळी मुलीच्या बापाप्रमाणें पत्रिका जुळवीत बसतात. गंमत अशी कीं, या वर्गांतील बहुतेक नामांकित हेडफोनांची पाठ उघडी असते. आंत वाजणारें बाहेर ऐकूं येतें व बाहेरचा गलबला खुशाल आंत येतो. इतका पैसा मोजून घेतलेल्या वस्तूला साधें झांकण कां नसावें? याचें उत्तर त्या यंत्राच्या इतिहासांत सांपडतें. आणि तें सांपडलें म्हणजे त्या भारी ॲम्प्लिफायरांविषयीं जें बोललें जातें, त्यांत खरें किती व हौसेचें किती, हेंही बरेंचसें उमगतें.

दोन कानांना दोन स्वतंत्र आवाज देऊन संगीत ऐकविण्याचा पहिला मोठा प्रयोग पॅरिस येथें इ. स. १८८१ सालीं झाला. त्या सालच्या वीजप्रदर्शनांत क्लेमां आदेर या एंजिनियरनें ऑपेरागृहाच्या रंगमंचावर टेलिफोनचे प्रेषक मांडले आणि तारा प्रदर्शनाच्या दालनापर्यंत नेल्या. ऐकणारानें दोन रिसीव्हर घेऊन दोन्ही कानांशीं धरावयाचे. प्रत्येक कानाला रंगमंचाच्या निराळ्या जागेवरचा आवाज मिळे. त्यामुळें गाणारा डावीकडून उजवीकडे गेला तर तें डोळे मिटूनही समजे. पुढें १८९० सालीं याच कल्पनेवर पॅरिसांत एक कंपनी निघाली व वर्गणीदारांना घरबसल्या नाटकें व संगीत ऐकवूं लागली. प्रख्यात फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हा दम्यानें गांजलेला, घराबाहेर क्वचित् पडणारा. तो १९११ सालीं या सोयीचा वर्गणीदार झाला व द्यब्युसीचा ऑपेरा अंथरुणांतून ऐकूं लागला.

संगीताशीं झालेली ही पहिली सोयरीक मात्र टिकली नाहीं. बिनतारी संदेशाचें युग आलें आणि हेडफोन हें कामाचें हत्यार बनलें. अमेरिकेंतील यूटा प्रांतांत नॅथॅनिएल बाल्डविन यानें १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरांत बसून डोक्यावर चढविण्याची जोडी तयार केली व ती अमेरिकन आरमारानें घेतली. जहाजावरच्या कारकुनाला वाऱ्याच्या व यंत्राच्या गोंगाटांतून क्षीण टकटक टिपावयाची असे. बाहेरचें जग बंद करणें हाच तेथें गुण होता. हेडफोन म्हणजे झांकलेली वाटी, ही समजूत येथें रुजली व पुढें अर्धें शतक टिकली.

आपल्याकडेही हें यंत्र रेडिओच्या मागोमाग आलें. मुंबईंत हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबानें १९२३ सालीं प्रक्षेपणास आरंभ केला व २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें. त्या काळच्या स्वस्त स्फटिकसंचाला ना बॅटरी, ना दिवा. एरियलवर जी काय वीज उतरेल तीच कानापर्यंत पोंचावयाची. तिच्या जोरावर मोठा कर्णा वाजणें शक्यच नव्हतें, म्हणून हेडफोन. हे संच जेथें जेथें होते, तेथें लोकांनीं एक युक्ति काढली होती: हेडफोन चिनी मातीच्या वाडग्यांत ठेवावयाचा आणि चार माणसांनीं भोंवतीं डोकीं जुळवून ऐकावयाचें. दिव्यांचे रेडिओ स्वस्त झाले तसा हा प्रकार संपला, गाणें दिवाणखान्यांत आलें आणि हेडफोन पुन्हां तारमास्तर व एंजिनियर यांच्याकडे गेला. १९३७ सालीं बर्लिनच्या बायर कंपनीनें 'डीटी ४८' हा हेडफोन काढला. त्यांत लोखंडी चकतीऐवजीं पातळ पडद्याला तारेचें वेटोळें जोडलें होतें. मोठ्या लाउडस्पीकरचें तत्त्व कानाच्या आकारांत आणल्यामुळें आवाज पुष्कळच स्वच्छ झाला. पण वाटी झांकलेलीच राहिली.

गाणें ऐकणाऱ्या सामान्य माणसाच्या डोक्यावर हेडफोन चढला तो १९५८ सालीं. दोन बाजूंच्या निराळ्या आवाजाच्या, म्हणजे स्टीरिओ तबकड्या तेव्हां नुकत्याच बाजारांत येत होत्या, आणि अमेरिकेंतील मिलवॉकी शहरच्या जॉन कॉस यानें त्या ऐकण्यासाठीं जोडी काढली. तीही बंद वाटीचीच, व जड.

आतां बंद वाटीचा दोष पाहूं. हेडफोनमधला पडदा पुढें-मागें हलतो, तेव्हां आवाज दोन्ही अंगांनीं निघतो. पुढचा आपल्या कानांत जातो. मागचा वाटीच्या भिंतीवर आदळतो व परत फिरून त्याच पातळ पडद्यांतून थोडा उशिरानें कानाशीं येतो. घागरींत तोंड घालून बोलून पाहिल्यास हा घुमारा कसा असतो तें कळेल. कांहीं स्वर फुगतात, कांहीं दबतात, आणि सगळें गाणें मस्तकाच्या आंत कोंडल्यासारखें वाटतें. कारागिरांनीं वाटींत लोंकर भरली, कापूस भरला. घुमारा कमी झाला, गेला नाहीं.

जर्मनींत हॅनोव्हर शहरानजीक फ्रित्स सेनहायझर यानें युद्ध संपतांच, १९४५ सालीं, एक लहानशी प्रयोगशाळा थाटली होती. तिच्या कारखान्यानें १९६८ सालीं 'एचडी ४१४' हा हेडफोन बाजारांत आणला आणि घागरीचा प्रश्न घागर फोडूनच सोडविला. वाटीच्या पाठीला भोंकें ठेवलीं. मागचा आवाज खोलींत निघून जावा, परत येऊंच नये. कानावर दाबून बसणाऱ्या जाड गादीऐवजीं पिवळ्या फोमची हलकी चकती बसविली. सगळें मिळून वजन सुमारें १३५ ग्रॅम. ऐकणाराला आवाज डोक्यांत कोंडलेला न वाटतां भोंवतालच्या हवेंत असल्यासारखा वाटूं लागला. ही वस्तु श्रीमंतांसाठीं नव्हती. साधी, प्लास्टिकची, मध्यम घराला परवडणारी होती, आणि कंपनीच्या हिशेबाप्रमाणें तिच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. उघड्या पाठीची कल्पना जन्मली ती अशी काटकसरीच्या घरांत, हें मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तोटाही लपविण्याचें कारण नाहीं. पाठ उघडी राहिली म्हणजे मागचा आवाज कडेनें वळसा घालून पुढच्याला भेटतो, आणि खर्जाच्या स्वरांत ते दोघे एकमेकांना मारतात. उघड्या हेडफोनांत अगदीं खालचा खर्ज सहसा उणा पडतो तो यामुळें.

यानंतरची हकीकत ऐश्वर्याची आहे. जपानच्या स्टॅक्स कंपनीनें १९६० च्या सुमारासच स्थिर विजेवर चालणारा हेडफोन काढला होता. त्यांत दोन सच्छिद्र पत्र्यांमध्यें अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो व त्याला कित्येकशें व्होल्टांचा दाब द्यावा लागतो. तेव्हां त्याचा ॲम्प्लिफायर वेगळा असणें ही चैन नव्हे, निकड आहे. याच जातीचा 'ऑर्फियस' हा हेडफोन सेनहायझरनें १९९१ सालीं दिव्यांच्या ॲम्प्लिफायरसह काढला. तीनशेंच जोड्या, किंमत सुमारें २०,००० मार्क. २०१५ सालीं जाहीर झालेल्या त्याच्या वारसाचा ॲम्प्लिफायर तर इटलीच्या संगमरवरांत बसविलेला असून जाहीर झाला त्या वेळीं किंमत सुमारें ५०,००० युरो होती. कळ दाबतांच दगडांतून दिवे वर उगवतात. देवघराची इतकी सजावट झाल्यावर भक्तांना देव दिसणारच.

सामान्य, म्हणजे वेटोळ्याच्या किंवा सपाट चुंबकी पडद्याच्या हेडफोनांना मात्र ॲम्प्लिफायर किती लागतो, हा प्रश्न हिशेबाचा आहे. आणि मास्तरकी केलेल्या माणसाला हिशेब सोडवत नाहीं. आवाज १० डेसिबलांनीं वाढवावयाचा तर शक्ति दहापट लागते. मैफलींतल्या जोरदार क्षणासाठीं ११० डेसिबल धरूं. १९९७ सालच्या 'एचडी ६००' या ३०० ओहमांच्या हेडफोनाला तेवढ्यासाठीं वॅटचा अगदीं लहानसा अंश पुरतो. २०१७ सालच्या 'सुसवारा' या सपाट पडद्याच्या हेडफोनाला अर्धा वॅट लागतो. आणि व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीनें १९८९ सालीं काढलेला 'के १०००', जो कानाला स्पर्शही न करतां दोन लहान कर्ण्यांसारखा बाजूला लोंबत असे, त्याला चार वॅट. म्हणजे पहिल्याच्या कित्येक पट. तेव्हां "उत्तम ॲम्प्लिफायर कोणता" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या हेडफोनासाठीं, हें आधीं विचारलें पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून मनोरंजक आहे. दिव्यांच्या ॲम्प्लिफायरनें आवाजांत ऊब येते असें हौशी लोक सांगतात. ही ऊब पुष्कळ वेळां ओहमच्या नियमानें समजते, आणि तो नियम १८२७ सालचा आहे. 'एचडी ६००' वर ३०० ओहम लिहिलेले असले तरी दर सेकंदास १०० कंपनांच्या आसपास त्याचा विरोध ५०० च्या पलीकडे जातो. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा विरोध अगदीं थोडा असेल तर या चढाचा परिणाम होत नाहीं. परंतु बऱ्याच दिव्यांच्या ॲम्प्लिफायरांचा विरोध मोठा असतो, व मग ज्या स्वरांवर हेडफोनाचा विरोध जास्त, त्यांच्या वांट्याला व्होल्टही जास्त येतात. खालचा पट्टा किंचित् उचलला जातो, तीच ऊब. सपाट पडद्याच्या हेडफोनाचा विरोध सर्व स्वरांवर जवळजवळ सारखा, म्हणून तेथें ही किमया चालत नाहीं.

हें कागदावरचें झालें. गेल्या पावसाळ्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें पुण्याला आपल्या घरीं तीन हेडफोन व तीन ॲम्प्लिफायर माझ्यापुढें मांडले. एकाचा आवाज दुसऱ्याहून यत्किंचित् मोठा असला तरी तोच गोड वाटतो, म्हणून त्यानें प्रथम मीटर लावून सर्वांची पातळी सारखी केली. मग तो माझ्या पाठीशीं बसून न सांगतां जोड्या बदलूं लागला. "मास्तर, ओळखा," एवढेंच म्हणे.

हेडफोन बदलला कीं तें तत्काळ कळे. तंबोऱ्याची जवारी ऐकावी तर 'सुसवारा'वर. चार तारा चार ठिकाणीं उमटतात आणि त्यांतून निघणारा स्वयंभू गंधार खोलींत तरंगत राहतो. डग्ग्याची मींडही तेथें भरदार. २००९ सालच्या 'एचडी ८००' वर मैफलीची जागा सर्वांत ऐसपैस. साथीला बसलेला कोण किती दूर आहे, हें बोटानें दाखवितां येतें. पण सहा हजार कंपनांच्या आसपास त्याचा स्वर थोडा चढा आहे, मोजणारेही तसेंच सांगतात. हार्मोनियम बोंचते, आणि जुन्या तबकडीची खरखर गायकाच्या पुढें येऊन बसते. १९३७ सालीं निवर्तलेल्या अब्दुल करीमखांसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या लावल्या, तेव्हां मला सर्वांत जुना व स्वस्त 'एचडी ६००' च पसंत पडला. त्यांत खर्ज थोडा कमी, पण गळा गळ्यासारखा. त्या तबकड्या एकपदरी असल्यामुळें आवाज कोणत्याही हेडफोनावर मस्तकाच्या मधोमध राहतो. पाठ उघडी असो कीं बंद, तेथें इलाज नाहीं.

ॲम्प्लिफायरांची गोष्ट निराळी. 'एचडी ६००' ला दिव्यांचा जोडला कीं डग्गा किंचित् पुष्ट होई. तेवढें मीं दरवेळीं ओळखलें, व तें मला आवडलेंही. तोच दिव्यांचा 'सुसवारा'ला जोडला तर तारसप्तकांत तान चढतांच आवाज फाटूं लागे, कारण तो प्रवाह त्याच्या आवाक्याबाहेरचा. उरलेल्या दोन ट्रान्झिस्टरी ॲम्प्लिफायरांत एक साधा व एक त्याच्या दहापट किंमतीचा होता. त्या दोघांतला फरक मला सांगतां आला नाहीं. विद्यार्थ्यालाही, जागा बदलून मीं त्याची परीक्षा घेतली तेव्हां, सांगतां आला नाहीं. तो थोडा खट्टू झाला. साठी उलटलेल्या कानांना वरचे स्वर कमीच ऐकूं येतात, हें धरूनही त्याचे कान तर तिशीचे होते. माझें मत असें कीं, पैसा खर्चावयाचा तर तो कानावरच्या यंत्रावर खर्चावा, आणि ॲम्प्लिफायर हिशेब करून, पुरेसा, एवढाच घ्यावा.

एक सूचना केल्यावांचून राहवत नाहीं. उघड्या पाठीच्या हेडफोनांत गोंगाट आंत येतो, म्हणून रस्त्याकडेच्या खोलींत माणूस नकळत आवाज चढवितो. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं ८० डेसिबल व आठवड्यास ४० तास ही मर्यादा घालून दिली आहे. वर केलेला ११० चा हिशेब क्षणभराच्या उसळीचा होता, तासाभराचा नव्हे. हे हेडफोन शांत खोलींत, रात्रीं, हलक्या आवाजांत ऐकावयाचे. शेजारच्या खोलींतील मंडळींना त्यांतलें थोडें ऐकूं जाणारच; आमच्या घरीं तर "कोणता राग लावलाय?" अशी विचारणा आंतून होते.

सेनहायझरचा हेडफोनांचा धंदा मूळ कुटुंबाकडून २०२२ सालीं सोनोव्हा या स्विस कंपनीकडे गेला. सोनोव्हाचा मुख्य व्यवसाय कमी ऐकूं येणाऱ्यांसाठीं श्रवणयंत्रें करण्याचा. माझ्या वयाच्या श्रोत्यांना त्यामुळें दोन्ही गरजांसाठीं एकच दार ठोठावतां येईल.