दळणाचा इतिहास

'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' ही म्हण आम्ही एकदा सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहिली आणि जाते कोणी पाहिले आहे, असे विचारले. काहींनी ते लग्नघरी हळद दळताना पाहिले होते. रोजचे दळण मात्र एकानेही पाहिले नव्हते. मुलांच्या लेखी जाते ही पूजेची वस्तू होती. ओव्यांवर लिहिणारे आम्ही साहित्यप्रेमी तरी त्याकडे याहून वेगळ्या दृष्टीने कोठे पाहतो? म्हणून दळणाच्या इतिहासाकडे एकदा श्रमाच्या बाजूने पाहणे अगत्याचे वाटते.

दळण्याचे सर्वांत जुने साधन वाटोळे नव्हते. आपल्या पाट्यावरवंट्यासारखे ते दोन दगड असत. खालच्या दगडावर वरचा मागेपुढे घासावयाचा. मोहेंजोदडो येथेही असे दगड सापडले आहेत. या कामाची किंमत काय होती, हे सीरियातील अबू हुरेरा या अश्मयुगीन वसाहतीच्या उत्खननातून कळले. तेथील सांगाड्यांची तपासणी करून थेया मॉलेसन यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की, तासन् तास गुडघे टेकून दळल्यामुळे पायांची बोटे, गुडघे आणि कंबर यांची हाडे झिजली होती. हे सांगाडे बहुतांशी स्त्रियांचे होते.

फिरते जाते ही पुढची मोठी पायरी. मागेपुढे होणारी गती चक्राकार झाली आणि मग ते चक्र फिरविण्यास माणूसच हवा असे उरले नाही. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात गाढवांनी फिरवावयाची जाती आजही उभी आहेत. त्यापूर्वीच रोमन स्थापत्यकार व्हिट्रूव्हियस याने पाणचक्कीचे वर्णन केले होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक कवी अँटिपॅटर याने तर दळणाऱ्या स्त्रियांना आता पहाटे खुशाल झोपा असे सांगितले; कारण त्यांचे काम पाण्याने पत्करले होते.

आमच्याकडे पाणचक्की अगदीच अज्ञात होती असे नाही. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की यात्रेकरूंसाठी धान्य दळीत असे. परंतु घरोघरचे जाते हातानेच फिरत राहिले. बाजरीचे पीठ चार दिवसांत कडू होते, तेव्हा दळण वरचेवर हवे, हे एक कारण. दुसरे असे की, घरातील स्त्रीच्या श्रमाला मोल द्यावे लागत नव्हते. जनाबाईस दळू लागण्यास विठ्ठल आला, ही कथा आपण भक्तीची म्हणून सांगतो. पण दळू लागण्यास देवालाच यावे लागले, माणूस कोणी आला नाही, हेही त्या कथेत आहेच.

यंत्रयुगाने श्रम हरले, पण काही वेळा सत्त्वही हरले. १८७४ मध्ये बुडापेस्ट येथे मेखवार्ट याने रुळांच्या गिरणीत मोठी सुधारणा केली. अशा गिरण्यांतून निघणाऱ्या पांढऱ्याशुभ्र पिठात कोंडा आणि अंकुर राहीनासे झाले. भाताचेही तेच झाले. जावा बेटात आइकमन यांना १८९० नंतरच्या दशकात आढळले की, पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या बेरीबेरीसारख्या रोगाने लुळ्या पडतात आणि कोंडा मिळताच सुधारतात. या कामासाठी त्यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कोकण-गोव्याचा उकडा तांदूळ येथे सरस ठरतो. उकडताना कोंड्यातील जीवनसत्त्व दाण्यात उतरते.

आमची गल्लीतील पिठाची चक्की मात्र जात्याचीच थोरली बहीण. दगड तेच, फिरविणारा हात तेवढा विजेचा. न चाळलेल्या पिठात कोंडाही राहतो. तेव्हा जाते थांबल्याने आपण खरोखर गमावली ती ओवी. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या संग्रहित केल्या. पुढे गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या आता शिक्षकांच्या हाती आहेत.

वर्गात ओवी शिकविताना आम्ही आता एक जुने जाते मध्ये ठेवतो आणि प्रत्येक विद्यार्थ्याला, मुलांनाही, पसाभर ज्वारी दळावयास लावतो. खांदे भरून आले की मगच ओवी वाचतो.