पेप्टाइड

१९०२ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी हा शब्द घडवला. प्रथिनं पचताना बनणाऱ्या ‘पेप्टोन’वरून. मुळाशी ग्रीक ‘पेप्टोस’, म्हणजे पचलेलं. संस्कृत ‘पच्’ धातू त्याचाच भाऊबंद; म्हणजे आपलं पचन, पाक, पक्वान्न सगळं त्याच कुळातलं! मला हे नातं फार भावतं.

पेप्टाइडांपासून, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांपासून, आता पदार्थ बांधले जातात. अमेरिकेत एमआयटीच्या शुगुआंग झांग यांना यीस्टच्या एका प्रथिनात आपसूक जुळणारा तुकडा सापडला. त्या धर्तीवरच्या ‘राडा-१६’ या पेप्टाइडमध्ये अमिनो आम्लं फक्त सोळा: एक पाण्याला टाळणारं, पुढचं विद्युतभारित, असं आलटून पालटून. रक्तातले क्षार भेटताच या साखळ्यांचे तंतू होतात, तंतूंचं पारदर्शक जेल. एंडोस्कोपीत रक्तस्राव थांबवायला डॉक्टर ते वापरतात.