वजनकाट्यावरची विद्यापीठे

अमेरिकेतील विद्यापीठांच्या आवारांत पुनर्चक्रणाला, म्हणजे टाकून दिलेला कागद, काच, धातू आणि प्लास्टिक यांपासून पुन्हा कच्चा माल मिळवण्याच्या खटाटोपाला, आरंभी हिशेबापेक्षा चळवळीचेच रूप होते. २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन पाळला गेला, त्यात विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता. त्याच वर्षी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात वास्तुकला शिकणाऱ्या गॅरी अँडरसन याने एका पुठ्ठानिर्मात्या कंपनीच्या स्पर्धेसाठी एकामागून एक वळणाऱ्या तीन बाणांचे चिन्ह रेखाटले. तेच आज जगभरच्या कचरापेट्यांवर दिसते. १९७६ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील आवारात विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली संकलनव्यवस्था सुरू झाली आणि ती या क्षेत्रातील आद्य प्रयत्नांत गणली जाते. किती माल गोळा झाला याची नोंद ठेवण्याची निकड मात्र ऐंशीच्या दशकात वाढली. १९८७ मध्ये न्यूयॉर्क परिसरातील ३,००० टनांहून अधिक कचरा लादलेली ‘मोब्रो ४०००’ ही बार्ज, कोणतेच बंदर तो उतरवून घेईना म्हणून, महिनोन्महिने समुद्रात हिंडत राहिली आणि कचरा टाकायला जागा उरली नसल्याची भीती घराघरांत पोहोचली.

या मोजदादीला स्पर्धेचे वळण मिळाले ते २००१ मध्ये. ओहायो राज्यातील ओहायो विद्यापीठ आणि नाव मायामी असले तरी त्याच राज्यात असलेले मायामी विद्यापीठ यांचे जुने क्रीडावैर होते. वसतिगृहे आणि भोजनगृहे यांतून दरडोई अधिक माल कोण वेगळा काढतो, यावर या दोघांनी पैज लावली. ‘रीसायकलमेनिया’ या नावाने ती दरवर्षी होऊ लागली आणि पुढे शेकडो विद्यापीठे तीत उतरली. दारात येणाऱ्या रद्दीवाल्याचा तराजू पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला यातली गंमत चटकन कळेल: आपल्याकडे वजन होते ते पैशासाठी, तेथे ते झाले क्रमवारीसाठी.

आकडे जमवण्याची रीत दिसते तितकी सरळ नव्हती. भरलेला ट्रक वजनकाट्यावर चढवून त्यातून रिकाम्या ट्रकचे वजन वजा करणे हा खात्रीचा मार्ग. परंतु ठेकेदाराचा ट्रक विद्यापीठाबरोबर गावातील दुकानांचाही माल उचलत असेल, तर पेटी किती भरली होती हे डोळ्यांनी अजमावून, सुट्या पुठ्ठ्याचे किंवा डब्यांचे सरासरी वजन किती हे सांगणाऱ्या कोष्टकाच्या आधारे अंदाज बांधावा लागे. याला जोड म्हणून कचरातपासणी होई: एखाद्या इमारतीचा कचरा ताडपत्रीवर ओतून, हातमोजे घातलेले विद्यार्थी तो प्रकारवार निवडत आणि प्रत्येक ढीग निराळा तोलत. त्यातून विचलन-दर काढला जाई, म्हणजे एकूण टाकाऊ मालापैकी किती टक्के माल कचराभूमीत किंवा भट्टीत जाण्यापासून वाचला याचे प्रमाण.

खरी अडचण वजन हेच माप मानण्यात होती. दरडोई अधिक पुठ्ठा देणारे आवार वर चढते, मग तो पुठ्ठा अधिक खरेदीमुळेच का आलेला असेना. उलट घरून बाटली आणून नळावर भरून घेणारा विद्यार्थी या हिशेबात कोठेच उमटत नाही. बातम्या पडद्यावर वाचल्या जाऊ लागल्या तशी वर्तमानपत्रांची रद्दी घटली, प्लास्टिकच्या बाटल्याही पातळ झाल्या आणि उत्साह तोच राहूनही आकडे उतरू शकत. स्पर्धेत एकूण कचरा कमी करण्याचा स्वतंत्र विभाग निघाला, तो या विसंगतीवरचा अर्धामुर्धा का होईना, पण योग्य उतारा होता.

त्यात चीनच्या निर्णयाची भर पडली. सर्व माल एकाच पेटीत टाकण्याची सोय लोकप्रिय झाली होती, तिच्यामुळे अन्नाने बरबटलेला कागदही त्यात येई; २०१८ मध्ये चीनने न निवडलेल्या रद्दीची आयात थांबवली आणि घेतल्या जाणाऱ्या मालातील भेसळीची मर्यादा ०.५ टक्क्यांवर आणली, तेव्हा पेटीत पडलेले सारेच वाचले असे धरण्याला आधार उरला नाही. पुढे स्पर्धेचे नावही बदलून तीत ‘शून्य कचरा’ हे शब्द आले, मात्र व्यवहारात ९० टक्के विचलन साधले तरी अनेक संस्था त्याला शून्यच म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या आवारांसाठी हे उद्दिष्ट २०२० पर्यंत गाठण्याचे ठरवले होते; नंतरच्या धोरणात त्याच्या जोडीला २०१५-१६ च्या तुलनेत दरडोई एकूण कचरा २०२५ पर्यंत २५ टक्क्यांनी आणि २०३० पर्यंत ५० टक्क्यांनी घटवण्याची अट आली आणि पुनर्चक्रणाच्या पेटीत पडणारा मालही त्या एकूण कचऱ्यातच धरला जाऊ लागला.